खाली बसणाऱ्यांबद्दल

साहित्य संमेलनाला गेलं की माझे पाय मुख्य मांडवाआधी कविकट्ट्याकडे वळतात. तिथं कुणालाच मज्जाव नसतो. शिक्षक, कंडक्टर, हवालदार, निवृत्त तलाठी, नातवाला कडेवर घेऊन आलेल्या आजी. नाव पुकारलं की कवी उठतो, शेजाऱ्याच्या हातात मोबाइल देतो, ‘एकच म्हणतो’ असं सांगून दुसरीही म्हणतो, प्रमाणपत्र घेतो आणि चहाकडे निघून जातो. खाली बसलेले बहुतेक आपल्या नंबरची वाट बघणारे. त्यांचे ओठ हलतात, पण ते पाठांतर. दाद सढळ मिळते. तीही उसनी, अर्ध्या तासात फेडून घ्यायची.

हसू येतं, तरी कट्ट्याला नावं ठेवायला मी धजत नाही. मराठीत मांडवातल्या जागेचं भांडण जुनं आहे. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती, तिचं बोलावणं न्यायमूर्ती रानड्यांकडून जोतीराव फुल्यांना गेलं. आपल्यालाही बोलावलं म्हणून दुसरा कुणी हरखला असता. जोतीरावांनी पत्र लिहून नकार कळवला. माणसांचे हक्क ज्यांच्या हातून खुशीनं सुटत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्याचा मथितार्थ. नुसत्या पत्रिकेवर ते भुलले नाहीत.

पुढं लोकांनी आपापले मांडव घातले. १९५८ला मुंबईत दलित साहित्य संमेलन भरलं, उद्घाटनाला अण्णाभाऊ साठे. १९९९ला धारावीत विद्रोही साहित्य संमेलन. मधल्या काळात मोठ्या मांडवालाही जाग आली म्हणायची, पण दलित लेखक शंकरराव खरातांना अध्यक्ष करायला १९८४ उजाडावं लागलं.

मला मात्र या सगळ्यात अध्यक्षपदापेक्षा एका प्रस्तावनेचं अप्रूप वाटतं. दलित कवी नामदेव ढसाळांचा, मुंबईच्या वेश्यावस्तीतलं जगणं मांडणारा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ला आला, त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर तेव्हा नावाजलेले नाटककार. शाबासकीची दोन पानं घरबसल्या लिहून मोकळे झाले असते, तरी कुणी बोल लावला नसता. ते ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरले, न कळलेले शब्द त्यांनाच विचारून घेतले आणि आपल्याला काय कळलं नाही तेही प्रस्तावनेत लिहून टाकलं. मोठ्या लेखकानं नवख्या कवीपुढं विद्यार्थी होऊन बसायचं, हे आपल्याकडं फार वेळा घडलेलं नाही. बोलावणारे पुष्कळ मिळतात, शालीही कपाटात मावेनाशा होतात.

कविकट्ट्यावरच्या एका कवीनं परवा आपला पहिला संग्रह दाखवला. प्रस्तावना एका मान्यवरांची, चांगली चार पानी. मी कौतुक केलं तर तो इकडंतिकडं बघत म्हणाला, “सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो.”