ऑक्टोबरनंतरची इन्व्हेंटरी: नाइफ विकली, फ्लोटकडे वळलो

काउंटर-स्ट्राइक २ या शूटिंग गेमच्या स्किनमध्ये (बंदुका-चाकूंवरच्या, विकता येणाऱ्या रंगसजावटी) ज्यांचे खरे पैसे अडकलेत, त्यांच्यासाठी या मोसमाची नोंद. मोठी घडामोड एकच. माझी नाइफ (चाकूची स्किन) मी विकली, आणि त्या रकमेतून आता फक्त फ्लोट (झीज दाखवणारा ० ते १ मधला आकडा) किंवा पॅटर्नमुळे (रंग-नक्षी कशी पडलीय त्याचा क्रमांक) वेगळ्या ठरणाऱ्या स्किन घेतोय.

नाइफ का काढली ते सांगतो. ऑगस्ट २०१३ मध्ये स्किन आल्या तेव्हापासून नाइफ निघायची ती केसमधूनच, म्हणजे किल्ली विकत घेऊन नशिबावर उघडायच्या पेटीतून. चीनमध्ये जाहीर झालेल्या आकड्यांप्रमाणे ती शक्यता ०.२६ टक्के, म्हणजे साधारण ३८५ केसमागे एक. सगळा भाव या दुर्मिळतेवर उभा होता. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने नवी वाट उघडली: पाच लाल स्किन (नाइफच्या लगेच खालचा दर्जा) ट्रेड-अपमध्ये (अनेक स्किन देऊन वरच्या दर्जाची एक मिळवणं) टाका, नाइफ किंवा ग्लोव्ह्ज घ्या. एका रात्रीत नाइफचे भाव आपटले आणि कोणी विचारत नसलेल्या लाल स्किन वर उसळल्या. ब्रेकआउट केसचंच बघा. त्यात लाल दोनच, एम४ए१-एस सायरेक्स आणि पी९० असिमोव्ह, आणि त्या केसमधली नाइफ म्हणजे बटरफ्लाय. त्यामुळे इतकी वर्षं स्वस्तात पडून असलेली पी९० असिमोव्ह अचानक बटरफ्लायचा कच्चा माल झाली.

पुष्कळ जण भाव परत वर जाईल म्हणून नाइफ धरून बसलेत. मला ते पटत नाही. लाल स्किन स्वस्त झाल्या की लोक ट्रेड-अप करणार, नाइफची आवक वाढणार. नाइफ महागली तरी तेच होणार. दोन्ही भाव आता एकमेकांना बांधले गेलेत. पडलेल्या भावात विकताना जीव तुटला, पण हिशेब सरळ होता.

विकताना पैसे हातात किती पडतात हा विषय नवीन मंडळी फार हलक्यात घेतात, म्हणून जरा सविस्तर. स्टीम मार्केटवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या स्वतःच्या बाजारात, ५ टक्के स्टीमचे, १० टक्के गेमचे. तुम्हाला १,००० रुपये मिळायला हवेत तर घेणाऱ्याला १,१५० मोजावे लागतात. आणि ते १,००० वॉलेटमध्येच राहतात, बँकेत येत नाहीत. त्यातून गेम घ्या, दुसरी स्किन घ्या, पण घरभाडं भरता येत नाही. म्हणून रोखीचा भाव स्टीमच्या भावापेक्षा नेहमी खाली असतो आणि वहीत मी प्रत्येक स्किनसमोर फक्त रोखीचा भाव लिहितो. ‘माझी इन्व्हेंटरी एवढ्या लाखांची’ म्हणून स्टीमचा आकडा सांगणाऱ्याशी मी सौदा करतच नाही, कारण बोलणी चुकीच्या आकड्यावरूनच सुरू होतात.

नाइफ नाशिककडच्या एका मुलाने घेतली. फोनवर तासभर घासाघीस. “दादा, शेवटचं सांगा, लगेच यूपीआय करतो.” मी त्याला म्हटलं, “लगेच करू नकोस.” जुलै २०२५ पासून ट्रेड प्रोटेक्शन आहे: ट्रेड झाल्यावर सात दिवसांच्या आत देणारा माणूस ट्रेड उलटवू शकतो. फक्त एक नाही, त्या मुदतीतले त्याचे सगळेच ट्रेड उलटतात. चोरीला गेलेलं खातं सोडवायला ही सोय उत्तम आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण रोखीच्या सौद्यात धोका आता घेणाऱ्याकडे सरकलाय, कारण पैसे गेले आणि स्किन मागे ओढली गेली तर दाद मागायला जागा नाही. आम्ही थोडी रक्कम आधी आणि बाकीची आठव्या दिवशी असं ठरवलं. ओळख नसेल तर मधे पैसे रोखून धरणारं मार्केटप्लेस असावंच, कमिशन गेलं तरी चालेल.

आणि मोबाइलवर कन्फर्म दाबण्याआधी समोरच्या खात्याची लेव्हल आणि ते कधी उघडलं ती तारीख वाचा. एपीआय की (खात्याचे ट्रेड बाहेरच्या प्रोग्रॅमने हाताळायची किल्ली) चोरणारे खरी ऑफर रद्द करून त्याच नावाच्या, त्याच फोटोच्या नकली खात्याकडून दुसरी ऑफर पुढे करतात. नाव, फोटो सगळं हुबेहूब. तारीख मात्र त्यांना बदलता येत नाही.

आता घेतलेला माल. एके-४७ रेडलाइनचा फ्लोट ०.१० ते ०.७० मध्येच असतो, त्यामुळे तिची फॅक्टरी न्यू (सर्वांत कमी झिजेची अवस्था) नसतेच. ०.१० ला जितकी चिकटलेली, तितका संग्राहक जास्त देतो. मला मिळाली ती मिनिमल वेअर (त्याच्या लगेच खालची अवस्था) आहे, तळाच्या अगदी जवळची. दुसरी उलट्या टोकाची, एडब्ल्यूपी असिमोव्ह बॅटल-स्कार्ड, म्हणजे सर्वांत झिजलेली. एरवी ही सर्वांत स्वस्त अवस्था. पण फ्लोट खूप वर गेला की स्कोपवरचा रंग पूर्ण उडून तो काळाकुळकुळीत दिसतो, आणि या ‘ब्लॅकीमोव्ह’साठी लोक ओव्हरपे करतात. इन्स्पेक्टमध्ये बंदूक फिरवून पाहिली: बाजूच्या पांढऱ्या पट्ट्यावर अजून रंग टिकून, स्कोपवर मात्र केशरी-पांढऱ्याचा ठिपकाही नाही. कितीही सामने खेळा, फ्लोट बदलत नाही. हे सुख गेमबाहेरच्या कुठल्या संग्रहात असेल?

ही असिमोव्हही लाल दर्जाचीच आहे, म्हणजे ट्रेड-अपची मागणी तिलाही लागू. भाव खाली यायला लागला तरी काळ्या स्कोपचा प्रीमियम वेगळा टिकतो का, हे मी आठवड्याला लिहून ठेवतोय. पुढचं लक्ष्य ‘केस हार्डन्ड’ नावाची एके-४७ स्किन, वरच्या बाजूला निळा जास्त असलेला पॅटर्न. ६६१ नंबर, म्हणजे तिचा सर्वांत नावाजलेला पॅटर्न, माझ्या ऐपतीबाहेरचा आहे, पण मधल्या फळीत चांगले पॅटर्न अजून साध्या भावात लिस्ट होतात. कुणाकडे असेल तर पॅटर्न नंबर, फ्लोट आणि रोखीचा भाव कळवा. स्टीमचा भाव नको.