आधी शॅम ग्रुप बघा

टीडीसीएस, म्हणजे डोक्यावरून मेंदूला हलका करंट देण्याचं तंत्र. त्यावरचा कुठलाही पेपर हातात आला की मी आधी शॅम ग्रुपचं, म्हणजे ज्यांना करंट दिल्याचं फक्त नाटक करतात त्या गटाचं, काय केलंय ते बघते. म्हणजे कसं, मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला पट्ट्याने बांधायचे आणि १-२ मिलिअँपियर करंट सोडायचा, सुरुवातीला खाज येते, मुंग्या आल्यासारखं होतं आणि मग हळूहळू सवय होते, तर शॅममध्ये करंट साधारण ३० सेकंद देऊन गुपचूप बंद करतात. आयडिया भारीच आहे! पण २ मिलिअँपियरला काही लोकांना खऱ्या-खोट्या करंटमधला फरक कळतो, मग रिझल्टवर भरवसा कसा ठेवायचा?

२००० साली जर्मनीत गॉटिंगेनला नित्शे आणि पाउलस या संशोधकांनी दाखवलं की अशा करंटने मोटर कॉर्टेक्सची (मेंदूचा हालचाली चालवणारा भाग) उत्तेजनक्षमता बदलते, करंट बंद झाल्यावरही काही मिनिटं. ते टीएमएस (डोक्याबाहेरून मेंदूला दिलेला चुंबकीय झटका) देऊन हाताच्या स्नायूवर मोजता आलं. स्मरणशक्ती, लक्ष यांचं तसं नाही, तिथे सॅम्पल छोटे आणि बरेच निष्कर्ष पुन्हा येतच नाहीत. त्यात बराचसा करंट कातडीतूनच निघून जातो.

तरी हे तंत्र मला मनापासून आवडतं, कारण एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅनमध्ये मेंदूचा अमुक भाग ॲक्टिव्ह होता एवढंच कळतं, इथे त्या भागाला जरा हलवून बघता येतं. म्हणून प्लीज, प्रयोगानंतर प्रत्येकाला विचारा की करंट खरा वाटला की खोटा, आणि ती उत्तरं पेपरात छापा.