क्रीटच्या दक्षिणेला, बारा ते चार

पोर्ट सैद मागे टाकून आम्ही जिब्राल्टरकडे निघालो होतो. मी सेकंड ऑफिसर, त्यामुळे दुपारी बारा ते चारचा वॉच माझा. तारीख 30 डिसेंबर. मार्ग आखतानाच एक्डिसवर, म्हणजे जहाजाच्या इलेक्ट्रॉनिक नकाशावर, क्रीटच्या आग्नेयेला मी एक खूण करून ठेवली होती: एस. एस. पर्शिया.

1915 साली याच तारखेला, दुपारी एकच्या सुमाराला, प्रवासी जेवायला बसलेले असताना यू-38 या जर्मन पाणबुडीनं इशारा न देता पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या या बोटीवर टॉर्पेडो सोडला. डाव्या अंगाला बसला, बॉयलर फुटला, आणि पाच-दहा मिनिटांत बोट पाण्याखाली. मुंबईलाच येत होती ती. 519 पैकी 343 माणसं गेली.

पर्शियावर काही वाचायला घ्या, आधी कपूरथळ्याच्या महाराजांची रत्नं येतात, मग ती शोधायला 2003 मध्ये जवळजवळ तीन किलोमीटर खोल गेलेली मोहीम. मग वाचलेले लॉर्ड मोंटेग्यू आणि बुडालेल्या त्यांच्या सेक्रेटरी एलिनॉर थॉर्नटन. रोल्स रॉइसच्या बॉनेटवरची परी त्यांच्यावरून घडवली म्हणतात. रंजक आहे, मीही चवीनं वाचलं. खलाशांच्या वाट्याला मात्र एखादी ओळ. पी अँड ओच्या डेकवर तेव्हा मुख्यतः रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान असत, इंजिनात पंजाबी नि पठाण, सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या दिमतीला, गोवेकर.

आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दापोलीकडचा. सगळे त्यांना चाचा म्हणतात. सकाळी सांगितलं तर हातातला ग्रीजचा डबा खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे आमचीच माणसं की, साब."

मला नारळ सोडायचा होता. कॅप्टन म्हणाले, "मार्पोल वाचलंय ना, समुद्रात कचरा टाकण्याचे नियम? भूमध्य समुद्र स्पेशल एरिया आहे, तिथं नियम जास्त कडक. अख्खा नारळ टाकता येणार नाही." बरोबरच होतं त्यांचं, पण हर्णैच्या कोळ्याच्या पोराला समुद्रात नारळ टाकणं म्हणजे कचरा टाकणं, हे गळी उतरायला वेळ लागतो. नारळ शेवटी गोवेकर कुकनं रात्रीच्या कालवणात घातला.

एक वाजता कॅप्टन स्वतः ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथं, आले. रडारवर जवळपास कुणी नव्हतं. खुणेपाशी आल्यावर त्यांनी भोंग्याचा एक लांब आवाज द्यायला सांगितलं. खाली डाव्या कठड्याशी चाचांनी हेल्मेट काढलं, डोक्याला रुमाल बांधला आणि फातिहा पढली. लगेच हेल्मेट चढवून चिपिंग करणाऱ्या, म्हणजे गंज खरवडणाऱ्या, पोरांवर ओरडायला गेले.

नंतर चहा घेऊन वर आले तेव्हा मी सांगितलं, की समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईतच आहे, मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये. दुसऱ्या महायुद्धातले सुमारे साडेसहा हजार, नौदलाचे धरून, त्यांची नावंही तिथं आणि चितगावला नोंदली आहेत. चाचा माझ्याकडे बघतच राहिले.

"तिथं राहिलोय मी, साब. जहाज मिळेपर्यंत, कितीदा तरी. फलक बघितलाय. वाटायचं, देणगी देणाऱ्यांची नावं असतील."

यावर मी काय बोलणार? माझ्या मेरिटाइम कॉलेजात तरी कुणी सांगितलं होतं? 5 एप्रिलला आम्ही नॅशनल मेरिटाइम डे साजरा करायचो, 1919 ला मुंबईहून लंडनला निघालेल्या 'लॉयल्टी' बोटीची आठवण म्हणून. भाषणं व्हायची. बुडालेल्यांचा विषय निघायचा नाही.

चार वाजता चीफ ऑफिसर वॉच घ्यायला आला. स्क्रीनवरची खूण बघून म्हणाला, "हे काय?" सांगितलं. वॉच संपल्यावर अशा खुणा आम्ही पुसतो. "राहू दे," तो म्हणाला, "परतीला ही जागा माझ्या वॉचमध्ये येईल."