मॅसी 1035: इंजिन उघडायचं की नाही, मार्च ते जून

फेब्रुवारीनंतर काहीच टाकलं नाही, आणि मधे तिघांनी विचारलं की मॅसी (आमचा ट्रॅक्टर, मॅसी फर्ग्युसन 1035) उघडली का, म्हणजे तिचं इंजिन. नाही उघडली. उघडणार आहे, पण सगळे ज्या धुरासाठी "उघड, उघड" करत होते त्याच्यासाठी नाही, दुसऱ्याच कारणासाठी, आणि ते कारण चार महिने माझ्या डोळ्यासमोर डॅशबोर्डवर बसलेलं होतं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: सिम्प्सनचं तीन सिलिंडरचं इंजिन, 2400 सीसी, नंबरप्लेट अजून जीडीची, म्हणजे गोव्याला जीए यायच्या आधीची. बाबांनी घेतलेली. अवरमीटर (चालल्याचे तास मोजणारं) बाबांच्याच वेळी मेलं त्यामुळे किती तास चालली हे देवालाच ठाऊक. डिचोली तालुक्यात थोडी भातशेती आणि बाकी काजूची बागायत, त्यामुळे वर्षातले आठ महिने तिला ट्रॉली ओढायचंच काम, आणि जून-जुलैत केज व्हील (चिखलात चालायची लोखंडी जाळीची चाकं) लावून चिखलणी.

मार्चमध्ये काजूचा हंगाम सुरू झाला आणि धूर वाढला. सकाळी पांढरा, लोड आला की काळा, उतारावर थ्रॉटल सोडून परत दिला की निळा. म्हणजे तिन्ही रंग, वर आयडलला (नुसतं उभं चालू असताना) लंगडत चालणं. आमच्या मेस्तने (मेकॅनिकने) बोनेटला हात टेकला, एक मिनिट ऐकलं आणि कोकणीत निकाल दिला, "हें आतां उगडूंकच जाय," म्हणजे आता उघडायलाच हवं. पिस्टन, लायनर, रिंगा, सगळं. वाडीतल्या अजून दोघांनी मान हलवली. मी पण जवळजवळ किट मागवलंच होतं.

थांबलो कारण पैसे नव्हते, शहाणपण वगैरे काही नाही. मग म्हटलं तोपर्यंत फुकटातलं जे मोजता येईल ते मोजूया.

पहिलं, ऑइल भरायचं झाकण. इंजिन तापवून आयडलला ठेवलं, झाकण काढून त्याच भोकावर उलटं ठेवलं. रिंगा गेल्या असतील तर खालून येणारी हवा ते झाकण उडवून लावते. आमचं झाकण थरथरलं, भांड्यावरचं ताट उकळी यायच्या आधी थरथरतं ना तसं, पण जागचं हललं नाही. दुसरं, ऑइल किती खाते. वहीत लिहायला लागलो, ट्रॉलीचे दहा तास झाले की सकाळी गार असताना, सपाट जागेवर, डिपस्टिक बघायची. दहा तासांना पाव लिटरच्या आसपास. एवढ्या जुन्या इंजिनाला मी ते माफ केलं.

मग हवा मारून बघितली. म्हापशातल्या एका लेथवाल्याने जुन्या नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या) बॉडीतून एक अडॅप्टर करून दिला, तो नोझलच्या जागी लावायचा, पिस्टन कॉम्प्रेशनवर एकदम वर आणायचा, गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक लॉक करायचा (हे विसरू नका, हवेने इंजिन फिरतं आणि फॅनजवळ हात असला तर वाट लागते) आणि कॉम्प्रेसरची हवा सोडून कान लावायचा. ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आवाज आला तर रिंगा, एअर क्लीनरमधून आला तर इनटेक वाल्व, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट वाल्व, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग. एक आणि तीन नंबरच्या सिलिंडरला ब्रीदरमधून हलकी फुसफुस. दोन नंबरला सायलेन्सरमधून सरळ सुसाट शिट्टी, शेडच्या बाहेर उभ्या असलेल्या बाबांना पण ऐकू आली.

रॉकर कव्हर काढलं तर दोनच्या एक्झॉस्टला टॅपेटचा गॅपच नाही (वाल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट), ती मोजायच्या फीलरचं सगळ्यात पातळ पातं पण जाईना. वाल्व सीटमध्ये बसत बसत वर आला की गॅप हळूहळू संपतो, मग वाल्व पूर्ण बंद होत नाही आणि कॉम्प्रेशन तिथूनच पळतं. आवाज करणारा टॅपेट लोक लगेच टाइट करून घेतात, गप्प बसलेल्या टॅपेटला कोणी विचारत नाही. गॅप मॅन्युअलप्रमाणे केला, शिट्टीची फुसफुस झाली. सीट थोडी जळलेली असणारच, पण ते हेड उतरेल तेव्हा. तिन्ही नोझल पंपवाल्याकडे टेस्टला दिले, त्यात एकाचा फवारा नाहीच, नुसती धार आणि शेवटी थेंब. तो बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू. काळा धूर जवळजवळ गेला, पांढरा अर्ध्या मिनिटात संपतो, निळा थोडा आहे, असूदे.

इथपर्यंत मी जाम खूश होतो. मेस्तला चहा पण पाजला.

आता खरी गोष्ट. ऑइल प्रेशरचा काटा आमच्या गाडीत कायम मधोमध असतो. कायम म्हणजे इंजिन बंद असताना पण. लहानपणापासून तो तसाच बघितलाय त्यामुळे तो मेलेला आहे हे कधी डोक्यातच आलं नाही! मे महिन्यात सहज म्हणून नवा मेकॅनिकल गेज लावला. गार इंजिनाला 55 पीएसआय, वा वा. दोन तास चिऱ्यांची ट्रॉली ओढून आल्यावर आयडलला 7, आणि थ्रॉटल पूर्ण दिला तरी 24 च्या वर जाईना.

लगेच क्रँकच्या बेअरिंगवर आळ घेतला नाही. फीड पंपाचा डायफ्राम फाटला की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि प्रेशर पडतं, म्हणून डिपस्टिकचा एक थेंब पेपरवर टाकून रात्रभर ठेवला. डिझेल असेल तर काळ्या डागाभोवती लांबपर्यंत फिकट तेलकट कडं पसरतं. तसं काही आलं नाही, आणि ऑइलची लेव्हल पण वाढलेली नव्हती. ऑइल, फिल्टर नवीन. रिलीफ वाल्व (जास्तीचं प्रेशर सोडणारा) काढून साफ केला, स्प्रिंग ठीक. परत दोन तास ट्रॉली, परत 7.

एकाने सांगितलं 20डब्ल्यू-50, म्हणजे घट्ट ऑइल घाल, काटा वर येईल. येईल की. पण प्रेशर पडतंय ते बेअरिंग आणि क्रँकच्या मधला गॅप वाढून ऑइल तिथून लवकर निसटतंय म्हणून (किंवा पंप झिजलाय म्हणून), घट्ट ऑइलने गॅप कमी होत नाही, फक्त मला दिसायचा बंद होतो. मधोमध काट्यावर आधीच बरीच वर्षं काढलीत.

तर माझा हिशोब असा झालाय: धुराला मी वाट बघायला लावू शकतो, प्रेशरला नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जाळते, तेवढं टॉप-अप करत राहायचं, एक हंगाम आरामात निघतो. बेअरिंग फिरलं तर मात्र क्रँक खरवडतो, आणि 10 किंवा 20 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड करून भागलं असतं तिथे नवीन क्रँक शोधत फिरावं लागतं. मार्चमध्ये मेस्तचं ऐकून नुसतं हाफ काम (वरचे पिस्टन, लायनर, रिंगा, क्रँक तसाच) केलं असतं तर वर नवीन रिंगांचं कॉम्प्रेशन आणि खाली तेच सैल बेअरिंग, म्हणजे आजारी माणसाच्या डोक्यावर अजून एक गोण.

मग आत्ताच का नाही उघडली? मिरग लागला. असल्या ट्रॅक्टरला वेगळी चेसिस नसते, इंजिनच चेसिस, त्यामुळे क्रँक काढायचा म्हणजे गाडी मधून फोडायची आणि दोन भाग शेडमध्ये महिनाभर ठेवायचे. आमच्या पावसात मशीन केलेलं लोखंड रात्री पुसून ठेवलं तर सकाळी लाल होतं, मागे एकदा नुसतं हेड आठ दिवस उघडं राहिलं तर गंज काढता काढता नाकी नऊ आले होते. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये उघडायची असं ठरवलं. यंदाची चिखलणी शेजाऱ्याच्या पॉवर टिलरवर, बाबांना ते अजिबात पटलेलं नाही, दोन दिवस बोलले नाहीत. मॅसीला फक्त रिकामी किंवा अर्धी ट्रॉली, अर्ध्या थ्रॉटलवर.

गेजच्या काचेवर 5 च्या ठिकाणी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, बहिणीची बाटली. गरम आयडलला काटा त्याच्या खाली गेला किंवा लोडवर खालून ठोका ऐकू आला की त्याच मिनिटाला बंद, पाऊस असो नसो. काल 6.5 होता.

किट आत्ता घेत नाहीये, आधी क्रँक मोजायचा, मग साइज. कोणाकडे या इंजिनाच्या ऑइल पंपाचा चांगला अनुभव असेल, जुना भरून घेतलेला की नवीनच, तर सांगा, ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे.