आईच्या गोळ्यांचा डबा

आज सकाळी आईकडे होतो. उठल्या उठल्या तिने थायरॉइडची गोळी घेतली, लगेच कॅल्शियमची, आणि वर चहा. "दोन्ही एकदम घेतल्या की विसरायला होत नाही," म्हणाली. पोटात गोळाच आला माझ्या. वर्षभर तिचा टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) खाली येत नव्हता, थायरॉइडच्या गोळीचा डोस 50 वरून 75 मायक्रोग्रॅमवर गेला होता.

दुपारी डॉक्टरांना विचारलं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी मात्र 4 तासांनंतरच, नाहीतर थायरॉइडचं औषध अंगी लागत नाही. आता कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. डोस त्यांनी तूर्त तोच ठेवलाय, दीड महिन्याने पुन्हा तपासणी.

मग तिचा स्टीलचा डबा उपसला. कात्रीने कापलेल्या स्ट्रिपा, ज्यांच्यावर ना नाव ना तारीख. बाबांच्या बीपीच्या गोळ्यासुद्धा त्यातच! बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्या काढताना आई काही बोलली नाही, मीही नाही.

नवा डबा आणलाय. झाकणावर मोठ्या अक्षरात 'सकाळ' आणि 'रात्र' लिहिलंय, तिला चष्म्याशिवाय वाचता येईल असं.