गाडी चालू होते आणि लगेच बंद पडते? आधी रेस देऊन बघा

मागच्या आठवड्यात आईला डोळे दाखवायला बेळगावला न्यायचं होतं. सकाळी आठलाच निघायचं ठरलेलं, आई तयार होऊन पायरीवर बसलेली, आणि गाडी स्टार्टर मारला की लगेच चालू व्हायची, आरपीएमचा काटा हजाराच्या वर जायचा, मग हळूहळू खाली यायचा, पाचशेपर्यंत आला की पूर्ण गाडी थरथरायची आणि बंद. परत स्टार्टर, परत तेच. सात-आठ वेळा झालं. शेवटी मी रेस देतच निघालो, म्हटलं रस्त्याला लागली की गरम होऊन सुटेल. खानापूर ते बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर, हायवेला काहीच त्रास दिला नाही. पण टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला रांगेत थांबलो, पाय काढला आणि गाडी बंद पडली. गेट उघडलं, मागून हॉर्न सुरू, आई म्हणाली "तू हो खाली, मी रिक्षानं जाते." त्या दिवशी तिला एकटीला पाठवलं याचं मला अजून वाईट वाटतंय.

जवळच्या एका गॅरेजवाल्यानं येऊन दोनदा स्टार्ट केली, बॉनेट पण उघडलं नाही, म्हणाला फ्युएल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनला पोचवणारा, गेलाय. आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल येतंय, जुन्या गाड्यांचे पंप टिकत नाहीत म्हणे. मला पटलं, कारण आपल्याच भागात ऊस, कारखान्यात इथेनॉल होताना आपण बघतोय, आणि जुन्या गाडीतल्या रबरी पाईप आणि सीलना त्याचा त्रास होतो हे खोटं नाही. गाडी २००९ ची. घाल म्हटलं. पंप आणि मजुरी धरून ७,२०० रुपये झाले. संध्याकाळी गाडी घेतली, पहिल्याच सिग्नलला बंद.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एकानं उद्यमबागेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं पाठवलं. मी गेलो आणि पंप, इथेनॉल सगळं सांगायला लागलो तर मामा कन्नडमध्ये म्हणाले, "तडी, नोडोण (थांब, बघूया). आधी सांग, किती सेकंदात बंद पडत्या?" म्हटलं आठ-दहा. "रेस देऊन धरलास तर?" म्हटलं चालू राहते, कितीही वेळ. "मग पंप कशाला घातलास बाळ? पेट्रोल कमी पडत असतं तर रेस दिल्यावर आधी मेली असती की."

मी गप्पच झालो. इतकी साधी गोष्ट आहे बघा. रेस दिली की इंजिन जास्त पेट्रोल मागतं. पंप कमजोर असेल, फिल्टर चोक असेल तर मागणी वाढल्यावर ते आणखी दमणार, चढाला तर ओढणारच नाही. आणि रेस दिल्यावर गाडी सुधारत असेल तर पेट्रोल पोचतंय, अडलंय ते पाय काढल्यावरच्या हवेचं. कारण पाय काढला की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनला हवा सोडणारी, झडप मिटते आणि इंजिनला फक्त बाजूच्या छोट्या वाटेनं हवा मिळते, ती वाट आयडल व्हॉल्व्ह कमी-जास्त करतो (आयडल म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असणं). ती वाट तुंबली की इंजिन गुदमरतं. ही परीक्षा घरच्या अंगणात, एक रुपया न घालवता होते, आणि माझी गाडी मला गेटपर्यंत सगळ्या रस्त्यानं तेच सांगत होती.

मग मामांनी दुसरा प्रश्न विचारला, जो मला कुणीच विचारला नव्हता. "अलीकडं गाडीचं काय काम केलास?" म्हटलं काही नाही, फक्त बॅटरी बदलली, ती पण आईला घेऊन निघायच्या आदल्याच दिवशी. "मग हेच ते."

त्यांनी एअर फिल्टरचा पाईप सोडवला, थ्रॉटल बॉडी काढून माझ्या हातात दिली. पितळी रंगाची गोल झडप, आणि तिच्या कडेला जिथं ती मिटते तिथं सगळीकडून काळा चिकट थर, तव्यावर जळलेल्या तेलासारखा. बोट फिरवलं तर राप लागला. आयडल व्हॉल्व्हचं टोक तर दिसतच नव्हतं. हा कार्बन वर्षानुवर्षं बसत असतो आणि गाडीचा कॉम्प्युटर तो सांभाळून घेत असतो, वाट जरा अरुंद झाली की व्हॉल्व्ह जरा जास्त उघडायचा, हे तो शिकून लक्षात ठेवतो. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत हे शिकलेलं पुसलं जातं, मग कॉम्प्युटर नव्या स्वच्छ गाडीच्या हिशोबानं व्हॉल्व्ह उघडतो आणि तेवढी हवा त्या तुंबलेल्या वाटेतून येतच नाही. म्हणून काल चांगली चालणारी गाडी आज एकदम बंद पडायला लागली. पंप बदलताना पण बॅटरीची वायर काढलेली, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

कार्बन क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, सुती कापड, पाऊण तास. (तुमच्या गाडीत थ्रॉटलला केबल नसून इलेक्ट्रॉनिक असेल तर इग्निशन चालू ठेवून झडप बोटानं ढकलू नका, आतले गिअर खराब होतात.) सगळं बसवून एसी, लाईट, पंखा बंद ठेवून गाडी रेस न देता दहा मिनिटं नुसती चालू ठेवली, नवीन आयडल शिकायला. हे घरी करणार असाल तर बंद शेडमध्ये अजिबात नको, दारं उघडी ठेवा नाहीतर गाडी अंगणात काढा, धुरातला कार्बन मोनॉक्साईड कळत पण नाही आणि माणूस जातो.

थांबलो तेवढ्यात मामांना मी खूप विचारून घेतलं. चालू होऊन एक-दोन सेकंदातच बंद, रेस देऊन पण उपयोग नाही आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतोय, असं असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी टाळायची यंत्रणा, चावी ओळखत नाही, आधी घरातली दुसरी चावी लावून बघायची. पंपाची शंका असेल तर चावी ऑन करून मागच्या सीटजवळ कान लावायचा, बऱ्याच पेट्रोल गाड्यांत दोन सेकंद घुंऽऽ आवाज येतो, आणि पंप बदलण्याआधी पेट्रोलचा दाब मोजायचं प्रेशर गेज लावायलाच सांगायचं. थंड असताना उत्तम आणि तापल्यावर बंद, मग थोडं थांबलं की परत चालू, तर इंजिनचं फिरणं ओळखणारा क्रँक सेन्सर किंवा ठिणगीसाठी करंट देणारी कॉईल. पाईप फाटून हवा चोरत असेल तर इंजिनजवळ सुस्स आवाज येतो. मामा हे बोलत होते आणि मी मोबाईलवर टाईप करत होतो, त्यांना ते आवडलं बहुतेक, कारण मग स्वतःहूनच सांगायला लागले.

मजुरी सहाशे घेतली. जुना पंप डिकीतच होता, तो पण तपासून दिला, प्रेशर बरोबर होतं.

बुधवारी आईला परत घेऊन गेलो. दुसऱ्या गेटला रांगेत सातव्या नंबरला थांबलो, एसी चालू, पाय काढलेला, काटा आठशेवर. आई काट्याकडं बघत होती, मला म्हणाली, "आता हलत नाही की रे."