हिरवे तळे आणि पालकाच्या जुड्या

मे महिन्याच्या मध्यावर आमच्या पाणीतपासणी प्रयोगशाळेत मुंबईतल्या मनोरीच्या एका भाजीच्या वाडीतून तळ्याच्या पाण्याची बाटली आली. ती घेऊन आलेल्या बाई त्या घरच्या सूनबाई होत्या. पाण्यात हात घातला की कोपरापर्यंत खाज सुटते, एवढीच त्यांची तक्रार होती. बाटली रात्रभर न हलवता ठेवली, तेव्हा सकाळपर्यंत सगळा हिरवा भाग वर येऊन साचला होता आणि खालचे पाणी जवळजवळ नितळ झाले होते. साधी हिरवी शैवाले बहुधा तळाशी बसतात. वर येतात ती पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असलेली नीलहरित शैवाले. सूक्ष्मदर्शकाखाली बुळबुळीत आवरणात गुंतलेल्या गोल पेशींचे पुंजके दिसले आणि मायक्रोसिस्टिसची ओळख पटली. यकृतावर घाला घालणारे मायक्रोसिस्टिन हे विष या शैवालातून येऊ शकते. विषाचे मोजमाप व्हायचे होते, पण तेवढे थांबणे मला योग्य वाटले नाही आणि मी मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे गेले.

वाडीत पालक, लाल माठ, मेथी आणि बांधाकडेला भेंडी होती. तळे उन्हाने निम्मे आटले होते, आणि वाऱ्याने ढकललेला हिरवा थर रंगाच्या उघड्या डब्यावरच्या सायीसारखा नेमका पंपाच्या काठाला जमला होता. घराचा शोषखड्डा आणि शेणखताचा ढीग दोन्ही वरच्या अंगाला होते, त्यामुळे शैवाल पोसणारा फॉस्फरस तळ्याला कुठून मिळतो हे विचारावे लागले नाही. पाणी नळीने वरून फवारले जात होते. पालकाचे एक रोप उपटून पाहिले, तर देठ जिथे पानाला मिळतो त्या खोबणीत हिरवट पापुद्रा वाळून चिकटलेला होता. बोटाने घासल्यावरही तो पूर्ण निघाला नाही. १९९९ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच फवारणीनंतर सॅलडच्या पानांवर मायक्रोसिस्टिसचे पुंजके आणि विष टिकून राहिल्याचे दाखवले होते. ते मी वाचलेले होते, पण मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या पालकावर तेच पाहताना मन फार अस्वस्थ झाले.

दुपार कलल्यावर मात्र जे दिसले त्याची मी कल्पनाही केली नव्हती. केळीच्या सोपटाने बांधलेल्या जुड्या टोपलीत रचण्याआधी सूनबाई एकेक जुडी त्याच तळ्यात बुचकळून काढत होत्या. भाजी टवटवीत राहावी म्हणून बहुतेक वाड्यांत हे करतातच, आणि त्यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. पण फवारलेले पाणी उन्हात निदान काही अंशी सुकते, तर बुचकळलेली जुडी पानापानांत तळे घेऊन थेट गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाते. घरी भाजी नीट धुतली तर पृष्ठभागावरचे पुष्कळसे निघेल, मात्र मुळांवाटे आत शिरलेले विष धुऊन जात नाही आणि मायक्रोसिस्टिन साध्या उकळण्याने नष्टही होत नाही.

सासऱ्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मॅडम, मोरचूद आणून ठेवलाय. उद्या टाकतो, दोन दिवसांत तळं साफ होईल.” मी त्यांना हात जोडून थांबवले. “काका, पाणी साफ दिसेल, पण विष जाणार नाही,” असे सांगून मी समजावले की बरेचसे विष जिवंत पेशींच्या आत कोंडलेले असते. मोरचुदाने, म्हणजे कॉपर सल्फेटने, पेशी फुटल्या की ते पाण्यात विरघळते, मग गाळण्याने वा वरचा थर काढण्यानेही हाती लागत नाही. त्यांना हे पटायला वेळ लागला, आणि ते स्वाभाविक होते.

दुसऱ्या दिवशी नमुने तीनदा गोठवून आणि वितळवून, पेशी फोडून, विष मोजणाऱ्या एलायझा चाचणीला लावले. या चाचणीत विष जितके जास्त तितका रंग फिका पडतो; चाचणीच्या तबकडीत तळ्याचे पाणी घातलेल्या खळग्यांत रंग जवळपास आलाच नाही, म्हणून पाणी अनेक पटींनी पातळ करून चाचणी पुन्हा करावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा आयुष्यभराच्या वापराला लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, अल्पकाळासाठी १२ आणि पोहण्याच्या पाण्यासाठी २४ आहे; आमचा आकडा या तिन्हींच्या वर होता. या मर्यादा सिंचनासाठी आखलेल्या नाहीत, म्हणून मी माणसाच्या बाजूने हिशेब मांडला: रोज पोटात गेले तरी चालेल असे विषाचे प्रमाण शरीराच्या किलोमागे दिवसाला ०.०४ मायक्रोग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.६. एवढ्याशा मर्यादेपुढे पानांवर साचलेला थर मला क्षम्य वाटेना.

पालक आणि माठ विकू नका, असे मी फोनवर सांगितले. घरच्यांनी पालकाचे वाफे जमिनीत गाडले. महिन्याचे उत्पन्न गेले, त्याची भरपाई देणारे कोणी नव्हते, आणि ही गोष्ट मला आजही सलते. भेंडीला विहिरीचे पाणी ठिबकने बुडाशी देणे सुरू झाले, जुड्या धुण्यासाठी त्याच विहिरीच्या पाण्याचे पिंप आले आणि शोषखड्डा खालच्या अंगाला हलवायचे ठरले.

पहिल्या पावसानंतर तळे निवळल्याचा निरोप आला आणि नवी बाटलीही आली. रात्रभर ठेवूनही तिच्यात वर काही साचले नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली पुंजके सापडले नाहीत; तरी एलायझाच्या खळग्यांत रंग अजून फिकाच होता. तळ्याचा पंप बंदच ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा नमुना आणा, असे मी त्याच संध्याकाळी काकांना कळवले.